चूक न्यायालयाची, भोग कोणाचा?

फौजदारी खटल्याकडे पाहताना सर्वसामान्य माणसाचे लक्ष दोन प्रश्नांवर खिळलेले असते. आरोपीने गुन्हा केला की नाही, हा पहिला. आणि केला असल्यास त्याला शिक्षा किती झाली, हा दुसरा. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न उभा असतो आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती शिक्षा देण्याचा अधिकार त्या न्यायालयाला होता काय, आणि तो कायद्याने आखून दिलेल्या रीतीने वापरला गेला काय? वरिष्ठ न्यायालयाने याच प्रश्नावर एखादी शिक्षा रद्द केली, की 'तांत्रिक कारणावरून सुटका' असा मथळा झळकतो आणि वाचणारा संतापतो. गुन्हा शाबीत झालेला असताना केवळ कागदावरच्या त्रुटीसाठी गुन्हेगाराला मोकळे सोडायचे, तर न्यायालये हवीत कशाला, असे त्याला वाटते.

हा संताप स्वाभाविक असला, तरी अर्धसत्यावर उभा आहे. कार्यपद्धतीतील चुकीमुळे ज्याची शिक्षा रद्द होते तो प्रत्येक वेळी मोकळा होतो असे नाही. पुष्कळदा त्याला त्याच आरोपाखाली पुन्हा पिंजऱ्यात उभे राहावे लागते. दुसरे असे की, ज्याला तांत्रिक म्हणून हिणविले जाते तीच गोष्ट नागरिक आणि दंडसत्तेची मनमानी यांच्यामधील कुंपण असते. तथापि कुंपण कोठे घालावे आणि कुंपणाचीच भिंत होऊन न्यायाची वाट कोठे अडते, याचा विवेक करणे सोपे नाही. गेली शंभराहून अधिक वर्षे या देशातील न्यायालये तो करीत आली आहेत आणि आजही तो पूर्णपणे झाला आहे असे म्हणता येत नाही.

अधिकाराची उतरंड

शिक्षा देण्याचा अधिकार सर्व न्यायालयांना सारखा नसतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला फार तर तीन वर्षांचा कारावास आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, तर द्वितीय वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला एक वर्षाचा कारावास आणि दहा हजारांपर्यंत दंड करता येतो. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याचा अधिकार सात वर्षांपर्यंत पोचतो. सत्र न्यायाधीश कायद्यातील कोणतीही शिक्षा देऊ शकतो. मात्र त्याने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येत नाही. दंडाच्या रकमा वाढल्या, समाजसेवेची नवी शिक्षा आली. पण कारावासाची ही उतरंड १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतीलच आहे.

या उतरंडीतील मेख अशी की, गुन्ह्याची कमाल शिक्षा आणि न्यायालयाचा कमाल अधिकार या दोन गोष्टी एक नव्हेत. जबर दुखापतीच्या गुन्ह्याचे उदाहरण घ्यावे. त्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. पण तो कोणत्याही न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालू शकतो. तालुक्याच्या गावी बसलेल्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे असा खटला आला, पुरावा झाला, आणि या आरोपीला पाच वर्षांची शिक्षा योग्य ठरेल असे त्याचे मत झाले, तर त्याने काय करावे? त्याचा हात तीन वर्षांवर थांबतो. यासाठी कायद्याने एक वाट ठेवली आहे. त्याने स्वतः शिक्षा सुनावू नये. आरोपी दोषी असल्याचे आणि आपला अधिकार अपुरा असल्याचे मत नमूद करून कागदपत्रांसह आरोपीला मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवावे. तेथे हवे तर साक्षीदारांना पुन्हा बोलावता येते, अधिक पुरावाही घेता येतो, आणि निर्णय तेथेच होतो.

ही वाट चुकली तर काय होते, हे पाहण्याजोगे आहे. न्यायदंडाधिकाऱ्याने भावनेच्या भरात स्वतःच पाच वर्षे सुनावली, तर त्याने नसलेला अधिकार वापरला असे होते आणि ती शिक्षा टिकत नाही. उलट, पाठवण्याची तरतूद ध्यानात न आल्याने त्याने तीन वर्षांवर समाधान मानले, तर दुसराच पेच उभा राहतो. शिक्षा अपुरी आहे म्हणून सरकार अपिलात गेले, तरी वरच्या न्यायालयाला ती तीन वर्षांपलीकडे नेता येत नाही. कारण ज्या न्यायालयाच्या निर्णयावर अपील आहे, त्याला त्या गुन्ह्यासाठी जेवढी शिक्षा देता आली असती त्याहून अधिक शिक्षा अपील न्यायालयाने देऊ नये, असे संहितेतच म्हटले आहे. म्हणजे तळाच्या पायरीवर एक कागद योग्य वेळी पुढे पाठविला गेला नाही, तर अपिलाच्या न्यायालयाचे हातही त्या पायरीइतकेच आखूड होतात.

अनेक गुन्ह्यांच्या शिक्षा एकामागून एक भोगावयाच्या असतील तेव्हाही अशीच मर्यादा आहे. त्यांची बेरीज त्या न्यायालयाच्या एका गुन्ह्यासाठी असलेल्या अधिकाराच्या दुपटीहून अधिक होता कामा नये. आणि एकूण मर्यादा, जी पूर्वी चौदा वर्षांची होती, ती नव्या संहितेत वीस वर्षांची झाली आहे. तेव्हा तीन वर्षांच्या अधिकाराचा न्यायदंडाधिकारी सहा वर्षांच्या पुढे जाऊ शकत नाही, मग गुन्हे कितीही असोत. सरकारी कचेरीतील कारकुनालाही ठाऊक असते की, मंजुरीची मर्यादा हजाराची असलेल्या अधिकाऱ्याने लाखाच्या देयकावर सही केली, तर खर्च कितीही रास्त असला तरी ती सही निरर्थक ठरते. जी शिस्त सरकारी तिजोरीला लागू आहे ती माणसाच्या स्वातंत्र्याला लागू नसावी असे कोण म्हणेल?

दोन प्रकारच्या चुका

परंतु प्रत्येक चूक ही नसलेल्या अधिकाराची चूक नसते. अधिकार असूनही तो वापरण्याच्या रीतीत त्रुटी राहते. दोषारोपाच्या शब्दांत ढिलाई असते, एखादा प्रश्न आरोपीला विचारावयाचा राहून जातो, खटला लगतच्या जिल्ह्यात चालतो. संहितेने या दोन जातींमध्ये स्पष्ट भेद केला आहे. अधिकार नसताना न्यायदंडाधिकाऱ्याने एखाद्या अपराध्याचा खटला चालविला, संक्षिप्त रीतीने चालविला किंवा अपिलाचा निकाल दिला, तर ते सारे कामकाज रद्दबातल होय. तेथे 'कोणाचे काय बिघडले' असा प्रश्नच उद्भवत नाही. याउलट, सक्षम न्यायालयाचा निर्णय केवळ एखादी चूक, उणीव वा अनियमितता आढळली म्हणून फिरविता येत नाही. त्या चुकीमुळे न्यायाचा घात झाला असे वरिष्ठ न्यायालयाला वाटले पाहिजे. आक्षेप आधी घेता आला असता काय आणि घ्यावयास हवा होता काय, हेही त्या वेळी पाहिले जाते. आरोपीच्या वकिलाने चूक खिशात जपून ठेवावी आणि निकाल विरुद्ध गेल्यावर बाहेर काढावी, ही चतुराई कायद्याला मान्य नाही.

हा भेद सहज हाती आलेला नाही. १९०१ साली मद्रासकडील सुब्रमण्य अय्यर खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने फार कडक भूमिका घेतली होती. दोन वर्षांच्या कालावधीतील एक्केचाळीस कृत्ये एकाच खटल्यात गोवली गेली होती आणि खटला चालविण्याच्या रीतीबाबतची कायद्याची स्पष्ट आज्ञा मोडणे ही साधी अनियमितता नव्हे, असा तो निर्णय होता. या भूमिकेत तत्त्वाची शुद्धता होती. पण तिचा अतिरेक झाला तर दोषारोपातील अल्पविरामावरून खुनाचे खटले कोसळले असते. पुढे प्रिव्ही कौन्सिलनेच ती सौम्य केली. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने विली स्लेनी खटल्यात या प्रश्नाचा समग्र विचार केला. त्यातील प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचे होते. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश राहिलेले होते. आपल्यावर कशासाठी खटला चालू आहे हे आरोपीला कळले काय, त्याला बचावाची पुरेशी आणि न्याय्य संधी मिळाली काय, हे पाहावे. दोषारोपाच्या आकृतिबंधाचे स्तोम माजवू नये, असा त्या निर्णयाचा रोख होता. त्या खटल्यात दोषारोपातील उणीव घातक ठरली नाही. मात्र गुन्ह्याचे स्वरूप खुनाहून सौम्य ठरून जन्मठेपेऐवजी पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. आकृतिबंधाला न जुमानताही माणसाला न्याय देता येतो, याचे ते उत्तम उदाहरण होय.

रद्दबातल ठरलेल्या खटल्याचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालू नये, हे संरक्षण मिळण्यासाठी पहिला खटला सक्षम न्यायालयापुढे झालेला असावा लागतो. तो तसा झालेला नसेल, तर आरोपीला पुन्हा खटल्याला तोंड द्यावे लागते. जी साक्षीदार बाई एकदा कोर्टात येऊन आपल्यावरील अत्याचाराची हकिगत सांगून गेली, तिने ती चार-सहा वर्षांनी पुन्हा सांगावयाची. ज्या आरोपीने वकिलासाठी घर गहाण टाकले, त्याने आता शेत विकावयाचे. कारागृहात गेलेले दिवस शिक्षेतून वजा होऊ शकतात, पण बाहेरच्या आयुष्यातून वजा झालेली वर्षे कोणीच परत देऊ शकत नाही. तेव्हा चूक न्यायालयाची आणि भोग मात्र दोन्ही पक्षकारांचा, अशी ही स्थिती आहे.

दोषी ठरल्यानंतरची सुनावणी

शिक्षेच्या संदर्भात सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित तरतूद १९७३ च्या संहितेने आणली. आरोपी दोषी ठरल्यावर शिक्षा सुनावण्यापूर्वी न्यायाधीशाने शिक्षेच्या प्रश्नावर त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, ही ती तरतूद. जुन्या १८९८ च्या संहितेत अशी स्वतंत्र पायरी नव्हती. १ एप्रिल १९७४ पासून ती आली आणि दोनच वर्षांत तिची परीक्षा झाली. पंजाबातील संता सिंग या आरोपीला सत्र न्यायाधीशाने एकाच निकालपत्रात खुनासाठी दोषी ठरवून फाशी सुनावली होती; शिक्षेवर सुनावणी झालीच नव्हती. उच्च न्यायालयाने फाशी कायम केली. १९७६ साली न्यायमूर्ती भगवती आणि न्यायमूर्ती फझल अली यांच्या पीठाने ती शिक्षा रद्द केली आणि केवळ शिक्षेच्या सुनावणीसाठी प्रकरण सत्र न्यायालयाकडे परत धाडले. आरोपीचे वय, शिक्षण, नोकरीधंदा, घरची स्थिती, मनाची अवस्था, सुधारण्याची शक्यता या गोष्टी गुन्ह्याच्या पुराव्यात सहसा येत नाहीत; त्यांसाठीच ही पायरी आहे आणि ती गाळणे ही क्षुल्लक त्रुटी नव्हे, असे त्या पीठाने बजावले.

पुढच्याच वर्षी हा प्रश्न महाराष्ट्रातून पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. परभणी जिल्ह्यातील मानवत येथील खुनांनी साऱ्या राज्याचा थरकाप उडविला होता. त्या खटल्याच्या अपिलात, १९७७ साली, तीन न्यायमूर्तींच्या पीठाच्या वतीने निकालपत्र लिहिताना न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी संता सिंग निर्णयाचा गाभा मान्य केला. परंतु उपाय मात्र वेगळा सांगितला. सुनावणी झालीच पाहिजे, हे खरे. पण ती राहून गेली म्हणून प्रत्येक वेळी प्रकरण खाली पाठविण्याची गरज नाही; वरिष्ठ न्यायालय स्वतःच आरोपीचे म्हणणे ऐकून ती उणीव भरून काढू शकते. खाली पाठविणे हा अपवाद असावा, नियम नव्हे. नाही तर आधीच दीर्घ असलेल्या खटल्यांना आणखी फाटे फुटत राहतील.

दोन्ही निर्णयांत तथ्य आहे आणि म्हणूनच यातील निवड कठीण आहे. वेळेचा विचार केला तर चंद्रचूड यांचा मार्ग व्यवहार्य आहे. परंतु त्याची एक किंमत आहे आणि ती आरोपी मोजतो. सत्र न्यायालयात शिक्षेची नीट सुनावणी झाली, तर तिच्यावर उच्च न्यायालयाची नजर फिरते आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचीही फिरू शकते. तीच सुनावणी पहिल्यांदा सर्वोच्च न्यायालयात झाली, तर तिच्यावर अपील कोठे करावयाचे? खालच्या न्यायालयाच्या विसराळूपणामुळे आरोपीच्या पायऱ्या कमी होतात. शिवाय जी माहिती हवी ती दिल्लीच्या ग्रंथालयात मिळत नाही. शाळेच्या दाखल्यात, कारखान्याच्या हजेरीपटात, कारागृहाच्या वर्तणूक-नोंदीत, गावच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यात ती विखुरलेली असते आणि या साऱ्याला जिल्ह्याचे न्यायालयच अधिक जवळ असते.

म्हणून येथे एक साधा दंडक घालून घेणे इष्ट ठरेल. शिक्षा लहान असेल, किंवा आवश्यक ती माहिती कागदावर आधीच असेल, तेथे वरिष्ठ न्यायालयाने स्वतः ऐकून विषय मिटवावा. मात्र फाशीचा प्रश्न असेल तेथे केवळ शिक्षेपुरते प्रकरण खाली पाठवावे आणि तेथील निर्णयासाठी मुदत घालून द्यावी. दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षेचाच फेरविचार होत असल्याने साक्षीदारांना पुन्हा त्रास पडत नाही आणि खटलाही नव्याने सुरू होत नाही. ज्या शिक्षेत सुधारणेला जागाच उरत नाही, तिच्या बाबतीत काही महिन्यांच्या विलंबाची ओरड करणे शोभत नाही.

अनुभवही हेच सांगतो. दोषी ठरविल्यानंतर सुनावणी पुढील तारखेवर ठेवावी आणि दोन्ही पक्षांना सामग्री आणण्यास अवधी द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली अल्लाउद्दीन मियाँ खटल्यात सांगितले. तरीही सकाळी दोषी आणि दुपारी फाशी हा प्रकार थांबला नाही. २०२२ साली मध्य प्रदेशातील मनोज खटल्यात आरोपीच्या मानसिक स्थितीचे आणि कारागृहातील वर्तनाचे अहवाल मागविण्याची रीत घालून देण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अर्थपूर्ण सुनावणी कशाला म्हणावे, हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविण्यात आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर महाराष्ट्रातील एका फाशीच्या कैद्याच्या अर्जावर, त्याचा दयेचा अर्ज फेटाळला गेल्यानंतर, शिक्षेचा प्रश्न पुन्हा सुनावणीसाठी खुला करण्यात आला. अशा घटना घडल्या की मृताचे नातेवाईक विचारतात, हे केव्हा संपणार? त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर वरच्या न्यायालयाने डोळे मिटावे हे नसून खालच्या न्यायालयाने पहिल्याच वेळी ते उघडे ठेवावेत हे आहे.

अपिलाची धास्ती

चुकीचे तिसरे स्थान वरिष्ठ न्यायालयच असते. केवळ आरोपीने दोषसिद्धीवर अपील केले असेल, तर अपील न्यायालय त्याला सोडू शकते, शिक्षा कमी करू शकते, फेरखटल्याचा आदेश देऊ शकते. पण शिक्षा वाढवू शकत नाही. वाढ हवी असेल तर सरकारने त्यासाठी स्वतंत्र अपील करावे, आरोपीला कारण दाखविण्याची संधी मिळावी, आणि त्या वेळी त्याला आपण मुळातच निर्दोष असल्याचेही म्हणता यावे, अशी ही योजना आहे. शिक्षावाढीची नोटीस आली की आरोपीला दोषसिद्धीविरुद्धही दाद मागता येते, हे मुंबई राज्यातील दारूबंदीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच मान्य केले होते.

असे असूनही घसरण होते. सिक्कीममधील एका खटल्यात विशेष न्यायाधीशाने सात वर्षांची शिक्षा दिली. अपील आरोपीचे होते. तरी उच्च न्यायालयाने त्याला नोटीस न देताच ती दहा वर्षांवर नेली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ रद्द करून सात वर्षे कायम केली. कदाचित त्या गुन्ह्याला दहा वर्षांचीच शिक्षा योग्य असेल. परंतु ज्याने दाद मागितली त्याला दाद मागितल्याबद्दलच तीन वर्षे अधिक मिळतात असे दिसले, तर उद्या निरपराध माणूसही अपिलाला भिईल आणि मिळाली ती शिक्षा मुकाट्याने भोगील. अपिलाचा हक्क जुगार होऊन बसला, तर तो हक्क राहत नाही.

उच्च न्यायालयाला पुनरीक्षणाचा व्यापक अधिकार आहे, ही यातील खरी अडचण. १९९० साली हरियाणातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, योग्य नोटीस देऊन उच्च न्यायालय स्वतःहूनही शिक्षा वाढवू शकते. २०२५ साली तमिळनाडूतील एका प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने असे सांगितले की, केवळ आरोपी अपिलात असेल आणि सरकार, फिर्यादी वा पीडित यांपैकी कोणीच शिक्षावाढ मागितली नसेल, तर अपील ऐकता ऐकता पुनरीक्षणाचा अधिकार उचलून शिक्षा वाढविता येणार नाही. ही नवी भूमिका न्यायाला अधिक धरून आहे. तरी दोन निर्णयांची सीमा नेमकी कोठे, याचा संदेह जिल्ह्याच्या वकिलाला राहू नये, यासाठी मोठ्या पीठाच्या निःसंदिग्ध निर्णयाने ती आखली जाणे आवश्यक आहे.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. फाशी देऊ नये, पण चौदा वर्षांनी सूट मिळून आरोपी बाहेर यावा हेही बरे नव्हे, अशा प्रसंगी ठरावीक वर्षे वा मरेपर्यंत सूट नसलेली जन्मठेप देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्वीकारली. जेथे दंडविधानातच तशी शिक्षा सांगितलेली नाही तेथे हा अधिकार फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचा आहे, सत्र न्यायालयाचा नव्हे, असे २०१५ साली श्रीहरन खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरविले. तेव्हा साध्या खुनाच्या खटल्यात एखादा सत्र न्यायाधीश 'अखेरच्या श्वासापर्यंत' असे शब्द लिहून गेला, तर ते कितीही टाळ्या मिळविणारे असले तरी त्याच्या अधिकाराबाहेरचे आहेत.

पीडिताचे काय?

या साऱ्या विवेचनात आरोपीचाच कैवार घेतला जात आहे, असा आक्षेप येईल. तो दुर्लक्षण्याजोगा नाही. २००९ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीने पीडिताला अपिलाचा हक्क दिला. पण तो निर्दोष मुक्ततेविरुद्ध, सौम्य गुन्ह्यासाठी दोषी ठरविल्याविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध. अपुऱ्या शिक्षेविरुद्ध पीडिताला अपील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याने प्रकरण वर पाठविले नाही, सरकारी वकील गप्प राहिला आणि सरकारनेही अपील केले नाही, तर ज्याचा पाय कायमचा अधू झाला त्याच्या हाती शिक्षेबाबत अपिलाचे साधन उरत नाही. कार्यपद्धतीतील चूक ही केवळ आरोपीची ढाल नसते. पुष्कळदा ती पीडिताच्या पायांतील बेडी असते.

म्हणूनच उपायांची सुरुवात वरून नव्हे, तळापासून झाली पाहिजे. न्यायदंडाधिकाऱ्याच्या अधिकाराहून ज्या गुन्ह्याची शिक्षा मोठी आहे, तेथे आपला अधिकार पुरेसा आहे काय याचा विचार केल्याची एक ओळ त्याने निकालापूर्वी नोंदवावी आणि त्यावर दोन्ही वकिलांचे म्हणणे घ्यावे. जबर दुखापत करणाऱ्याला तीन वर्षे पुरेत की नाहीत, हा प्रश्न सरकारी वकिलाने खटला संपताना नव्हे, तर पुरावा चालू असतानाच उपस्थित करावा. गंभीर गुन्ह्यांत शिक्षेची सुनावणी वेगळ्या दिवशी ठेवावी आणि त्या दिवशी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल न्यायाधीशाच्या मेजावर असावा. त्यासाठी असे अधिकारी पुरेशा संख्येने नेमणे हे शासनाचे काम आहे, न्यायाधीशाचे नव्हे. शिक्षा अपुरी वाटली तर सरकारने मुदतीत अपील करावे. उच्च न्यायालयाच्या रागावर विसंबून राहू नये. आणि न्यायालयाच्या चुकीमुळे ज्याला फेरखटला भोगावा लागतो, त्याचा खटला प्राधान्याने व ठरावीक मुदतीत संपविला जावा.

यांतील एकाही गोष्टीसाठी घटनादुरुस्ती लागत नाही. लागते ती सवय. नव्या संहितेची कलमे बदलली, आकडे बदलले. पण प्रत्येक पायरीवरच्या न्यायाधीशाने स्वतःच्या अधिकाराची सीमा ओळखावी, ही अपेक्षा जुनीच आहे. कनिष्ठ न्यायालयाने आपली मर्यादा ओलांडली तर वरिष्ठ न्यायालय तेथे आहे. वरिष्ठ न्यायालयाने ती ओलांडली तर त्याच्या वरचे आहे. परंतु सर्वांत वरच्या न्यायालयापुढे दुरुस्तीला येणारी प्रत्येक चूक तेथे पोचेपर्यंत कोणाच्या तरी आयुष्यातील काही वर्षे गिळून बसलेली असते, आणि ती वर्षे निर्णय फिरविणाऱ्या निकालपत्रात परत मिळत नाहीत. शिक्षा देण्याचा अधिकार हा राज्यसंस्थेच्या हातातील सर्वांत भयंकर अधिकार होय. तो वापरणाऱ्याचा हात कायद्याने जेथे थांबविला आहे तेथे तो थांबला, तरच त्या शिक्षेला न्याय म्हणता येते.